दाराजवळचं लेकरू

यंदा एक जानेवारीला मी वहीच्या शेवटच्या पानावर सात ओळी लिहिल्या. वही अंगणवाडीचीच होती, हजेरी संपून पानं उरलेली. आदल्या दिवशी फोनवर एका बाईचा व्हिडिओ बघितला होता. पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात उभी राहून ती सांगत होती की, आईनं नव्या वर्षी नुसतं धावणं थांबवावं, जे करायचं ते मन लावून करावं आणि लेकरासाठी रोज थोडा तरी वेळ राखून ठेवावा. तिच्या ओट्यावर एकही खरकटं भांडं नव्हतं. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण बाई गोड बोलत होती, आणि कुणी गोड बोलून काही सांगितलं की मी ते करून दाखवते. हा माझा जुना आजार आहे.

सात ओळींतली पहिली अशी होती: ‘लेकीसाठी वेळ, संध्याकाळी साडेसात ते आठ.’ खाली जेवताना फोन नाही, आठवड्यातून एकदा डोक्याला तेल, एका सोमवारी लेकीला घेऊन औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणं, असं काय काय. प्रत्येक ओळीपुढं मी चौकोन काढला, बरोबरची खूण करायला. आमच्या कामात प्रत्येक गोष्टीपुढं चौकोन असतो. खूण झाली की काम झालं.

सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “काय लिवून राहिलीस एवढं?”

मी सांगितलं.

“लेकरापाशी बसायला लिवून ठिवावं लागतंय व्हय?” त्या म्हणाल्या. “आमी तर पाच लेकरं न लिवताच वाढवली.”

मी हसले. मनात म्हटलं, तुम्ही पाच वाढवली तेव्हा गावभरच्या लेकरांची उंची फोनात भरायची नव्हती. मनातल्या मनात मी सासूबाईंशी फार चांगली भांडते.

मी अंगणवाडी सेविका आहे. हिंगोलीहून वाशीमकडं जाताना कनेरगाव नाक्याच्या अलीकडं आत वळलं की आमचं गाव लागतं, आणि गावाला लागूनच तांडा. दोन्हीकडची मिळून तीसेक लेकरं माझ्याकडं येतात. त्यांना गाणी म्हणायची, आकडे शिकवायचे, सकाळी नाश्ता आणि दुपारी गरम खिचडी द्यायची, महिन्याला वजन-उंची घ्यायची आणि सगळं फोनात भरायचं. वर गरोदर बायांकडं जायचं, लसीची आठवण द्यायची, बैठकीला हिंगोलीला पळायचं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. सोबतीला मदतनीस आहेत, वयानं मोठ्या, मी त्यांना मावशी म्हणते. त्या मला ताई म्हणतात. सगळं गावच मला ताई म्हणतं.

माझी लेक सव्वाचार वर्षांची आहे. तीही माझ्याच अंगणवाडीत येते. आणि ती मला तिथं ताईच म्हणते. तो नियम मी केला होता.

त्याचं कारण असं. मला ही नोकरी लागली तेव्हा गावात कुजबुज होतीच, की आता सरकारी धान्य हिच्याच घरात शिजणार. पारावरच्या माणसांपासून नळावरच्या बायांपर्यंत सगळ्यांचा अंदाज एकच. माझा संताप झाला होता. मी भांडले नाही, पण मनात गाठ मारली की ह्या लोकांना बोलायला तिळाएवढी जागा ठेवायची नाही. लेक अडीच-पावणेतीनची असल्यापासूनच ती माझ्याबरोबर येऊन बसायची. तिला मी पहिल्या आठवड्यातच शिकवलं: इथं आई म्हणायचं नाही, ताई म्हणायचं. इथं माझ्या मांडीवर यायचं नाही. खिचडी वाढताना तुझं ताट शेवटी. केळी वाटायची असली, अंडी द्यायची असली, तरी तू शेवटी. वजन करायला तू शेवटी.

तिनं दोन दिवस रडून घेतलं. तिसऱ्या दिवशी शिकली. लेकरं शिकतात लवकर, वाईट शिकवलं तरी.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं सारं जग वागतं. मी ते उलटं करून दाखवलं आणि त्याचा मला केवढा अभिमान होता! नळावरच्या बायांचा सूर बदलला. “ताईचं एक बरं हाय,” त्या म्हणायच्या, “सोताच्या पोरीला बी रांगंत उभं करती.” मी खाली बघून कळशी भरायची, जणू ऐकलंच नाही. घरी येईपर्यंत ते वाक्य मला पुरायचं. आज खरं सांगायचं तर त्या वाक्यासाठीच मी ते करत होते. लेकरांमध्ये भेदभाव नको वगैरे नंतर सुचलेलं होतं.

खिचडी मापात शिजते. हजेरीवर जितकी नावं तितक्यांचे तांदूळ, तितक्यांची डाळ. पण दोन-चार पोरं मोठी वरपी असतात. ताट संपलं की “ताई, अजून!” म्हणून ओरडतात. मी वाढायची. मागणाऱ्या लेकराला नाही म्हणणारी ताई मला व्हायचं नव्हतं. मग दारापर्यंत पोचताना पातेल्याचा तळ दिसायचा. लेक तिथं दाराजवळ बसायची, चपला जोडीनं लावून झाल्यावर. ते कामही मीच तिला लावलं होतं. तिच्या ताटात खरवड पडायची, कधी अर्धा डाव, कधी त्याहून कमी. ती कधी “अजून” म्हणाली नाही. मला वाटायचं, शहाणी आहे.

आणि वजन. इथं मला लिहिताना थांबावं लागतंय, पण लिहिते. वजनाच्या दिवशी गोंधळ असतो. कुणी काट्यावर उभं राहात नाही, कुणी रडतं, कुणी काट्यावरच मुततं. तीस लेकरं होईतो खिचडीची वेळ होते. शेवटची राहते माझी. मग मी म्हणायची, हिचं काय करायचं, ही तर चोवीस तास डोळ्यांपुढं आहे. मागच्या महिन्याचा आकडा बघायचा, त्यात शंभर-दोनशे ग्रॅम मिळवायचे आणि भरून टाकायचं. उंचीत अर्धा सेंटिमीटर. पहिल्यांदा केलं तेव्हा जीव थोडा चुकचुकला. पुढं सवय झाली. पावसाळ्यापासून मी तिला एकदाही काट्यावर उभं केलं नव्हतं. फोनात माझी लेक महिन्या-महिन्याला बाळसं धरत होती.

डिसेंबरातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला सोडत नाही. तांड्यातल्या एका आईचं लेकरू त्या महिन्यात वजनात घसरलं. असं झालं की फोनात त्या नावापुढं पिवळा रंग येतो, आणि त्या घरी जाऊन आईला समजावून सांगायचं असतं. मी गेले. ती बाई शेतावरून नुकती आली होती, डोक्यावरचं फडकंही सोडलं नव्हतं. मी पहिला प्रश्न विचारला, जो आम्ही सगळीकडं विचारतो, की काल सकाळपासून लेकरानं काय काय खाल्लं. तिला सांगता आलं नाही. म्हणाली, “ताई, मी रानात असते. त्याची आजी देती की कायबाय.”

“आजीला न्हाई, तुमाला इचारलं,” मी म्हटलं. “आई तुमी हाव का आजी? लेकराच्या पोटात काय गेलं ते आईला ठावं नसंल तर कुणाला असावं?”

ती मान खाली घालून फडक्याची गाठ सोडत बसली. मी खूण केली, निघाले. वाटेत मावशी म्हणाल्या, “जरा जास्तीच बोललाव ताई.” मी म्हटलं, बोलल्याशिवाय कळत नाही माणसांना.

त्याच आठवड्यात नवऱ्यानं लेकीला उचललं. तो पिकअप चालवतो, हळदीच्या दिवसांत घरी कमीच असतो. उचलून तो म्हणाला, “पोरगी हलकी लागून राहिली गं.”

“वाढतं अंग हाय,” मी पीठ मळता मळता म्हटलं. “उंच होऊन राहिली ती. फोनात बघ, सारं बराबर हाय.”

त्यानं फोन बघितला नाही. माझ्यावर विश्वास ठेवला. गावात ह्या गोष्टीतलं सगळ्यात जास्त मलाच कळतं, असं त्याचं म्हणणं.

तर नवीन वर्ष लागलं. सात ओळींचं पान मी भिंतीला चिकटवलं आणि साडेसातच्या ठोक्याला लेकीला जवळ घेऊन बसले. पहिल्या दिवशी तिला गोष्ट सांगितली. मग दोघींचा फोटो काढून स्टेटसला ठेवला, ‘नवीन वर्ष, माझ्या लेकीसाठी’ असं लिहून. बहिणीनं, मैत्रिणींनी बदाम पाठवले. त्यांना उत्तरं देताना पावणेआठ झाले. दुसऱ्या दिवशी तिची गोष्ट अर्धी झाली आणि बैठकीची माहिती आजच पाठवा असा निरोप आला. तिसऱ्या दिवसापासून मी एक युक्ती काढली. ती माझ्या बाजूला आडवी व्हायची, मी एक हात तिच्या पाठीवर ठेवायची आणि दुसऱ्या हातानं माहिती भरायची. हात थोपटतही होता, खोटं नाही बोलत. आठ वाजता खूण. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे दोनच झाले. पण चौकोन रोज भरले.

ती त्या अर्ध्या तासात झोपून जायची, आमची मोठ्यांची जेवणं व्हायच्या आधीच. मला वाटायचं, आईच्या हाताचा गुण.

संक्रांत चार दिवसांवर होती तेव्हा नव्या पर्यवेक्षिका मॅडम आल्या. बदली होऊन आलेल्या, आमच्या भागात पहिलीच फेरी. कडक आहेत असं ऐकलं होतं. मी सकाळीच फळा पुसला, तक्ते सरळ केले, लेकरांना नाकं पुसून ओळीत बसवलं. माझ्या मनात भीती नव्हती. उलट, बघाच आता एकदा माझी अंगणवाडी, असं वाटत होतं.

मॅडमनी नोंदी बघितल्या. म्हणाल्या, “छान ठेवलंय.” मग म्हणाल्या, “चार-पाच लेकरांचं वजन माझ्यासमोर करू या.” मी काटा मांडला. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली. ती नजर ओळ संपवून दारापर्यंत गेली.

“ते दाराजवळचं लेकरू घ्या आधी.”

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “मॅडम, ती शेवटी होते.”

“शेवटी का? सुकलेलं दिसतंय ते. आधी त्यालाच घ्या. कोणाचं लेकरू आहे?”

मी सांगायला पाहिजे होतं. दोनच शब्द होते, माझी लेक. पण मॅडम ‘सुकलेलं’ म्हणाल्या होत्या, आणि त्या शब्दानंतर मी ते दोन शब्द तोंडातून काढले नाहीत. मी काट्याकडं बघत राहिले, जणू काटा नीट शून्यावर आला की नाही ते बघायचंय. मावशी मागं डाळ धूत होत्या, त्यांना ऐकूच गेलं नसावं. लेकरं नव्या बाईंना घाबरून चिडीचूप.

मॅडम लेकीजवळ जाऊन वाकल्या. प्रेमानंच विचारलं, “बाळ, तुझी आई कुठंय?”

लेकीनं माझ्याकडं बघितलं. विचारत होती ती मला, डोळ्यांनीच, की आता काय सांगू. नियम माझा होता ना. मी काहीच इशारा केला नाही. मग तिनं नियम पाळला.

“घरी हाय,” ती म्हणाली.

मी चार हात अंतरावर उभी होते. तेवढ्या जवळ उभी राहून मी माझ्या लेकीला ते बोलू दिलं. आजवर माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या, पुढंही होतील. पण ह्या एका गोष्टीला मला दुसरा शब्द सापडत नाही. मी तिला नाकारलं.

ती काट्यावर चढली. न सांगता नीट सरळ उभी राहिली, हात बाजूला. इतरांचं बघून बघून तिला सगळं पाठ होतं. आकडा आला, बारा किलो शंभर. मॅडमनी तिचं नाव विचारलं, तिनं खणखणीत सांगितलं. त्यांनी माझ्या फोनात ते शोधलं. मागच्या महिन्याचं वजन निघालं चौदा किलो दोनशे. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी खालची ओळ वाचली, जिथं आईचं नाव असतं. ते वाचून त्यांनी समोरच्या भिंतीकडं बघितलं. तिथं माझ्या नावाची पाटी आहे. मग माझ्याकडं बघितलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, “पुन्हा घ्या वजन.”

पुन्हा बारा किलो शंभर.

“मागच्या महिन्यात कोणी केलं होतं?”

“मीच.”

“केलं होतं?”

“नाही,” मी म्हटलं.

लेक अजून काट्यावरच उभी होती, कुणी उतर म्हटलं नव्हतं म्हणून. मॅडमनीच तिला उतरवलं. मग मला म्हणाल्या, “खरं वजन भरा. हिला डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि पिवळ्यात आलेल्या लेकरासाठी जे जे करतो आपण, ते सगळं करा. गृहभेटसुद्धा.”

“माझ्याच घरी?”

“लेकरू तिथंच राहतं ना?”

मी बारा पॉइंट एक भरलं. आधी चुकून एकवीस पडलं, ते खोडून परत भरलं. नावापुढं पिवळा रंग आला. दुसऱ्यांच्या नावापुढं तो रंग मी कितीदा तरी बघितला होता आणि प्रत्येक वेळी त्या आईचा चेहरा डोळ्यांपुढं आणून मनात म्हटलं होतं, लक्ष नाही बाईचं.

दुपारी तिला नाक्यावरच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासलं, पोट दाबून बघितलं, जंताचं औषध दिलं. म्हणाले, “आजार काही नाही. खाणं कमी पडतंय.” मी काय काम करते ते त्यांना माहीत होतं. मी फी देऊन बाहेर आले. परतताना ती ऑटोत माझ्या मांडीवर बसली. बाहेरचं सगळं बघत, उसाची ट्रॉली दिसली की मला दाखवत. मी तिचं मनगट धरलं होतं. किती तरी लेकरांच्या दंडाला मी मापाची पट्टी लावून बघितली आहे, आणि हे मनगट माझ्या दोन बोटांत बसतं हे मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मावशी त्या गृहभेटीसाठी आमच्या घरी आल्या. रोज त्या सरळ चुलीपर्यंत येतात. आज चपला बाहेर काढून, पदर सावरून, पाहुणीसारख्या सतरंजीवर बसल्या. त्यांना लिहिता येत नाही, पण शंभर घरांत माझ्या मागं बसून सगळे प्रश्न त्यांना तोंडपाठ झालेत. सासूबाई नुकत्याच हळदीच्या खणणीवरून आल्या होत्या, हात कोपरापर्यंत पिवळे. लेक माझ्या शेजारी बसली होती.

“इचारू का ताई?” मावशी म्हणाल्या. त्यांनाच अवघड झालं होतं.

“इचारा.”

“काल सकाळपासून लेकरानं काय काय खाल्लं?”

मी तोंड उघडलं. सकाळी चहा-खारी. किती खाऱ्या? मी तेव्हा डबा भरत होते. दुपारी खिचडी. किती? शेवटी जेवढी उरली तेवढी. मग दुपारनंतर? मी गृहभेटींना होते, दुसऱ्यांच्या. संध्याकाळी? संध्याकाळी आत्यांनी दिलं असणार. मी सासूबाईंना आत्या म्हणते.

“आत्या, काल सांजच्याला तिला काय दिलं तुमी?”

“मी?” सासूबाई म्हणाल्या. “मी रानातून आले तवा इचारलं तिला, जेवलीस का म्हून. व्हय म्हनली. मला वाटलं, तुज्याकडं दुपारी पोटभर खाती, सांजंला तू देती. तुजा तो टाइम असतुय की, साडेसातचा.”

“मला वाटलं तुमी देता.”

“आन् मला वाटलं तू.”

दोन बायांच्या मधे, भरल्या घरात, एक लेकरू किती दिवस अर्धपोटी झोपत होतं. आणि ते झोपायचं माझ्या हाताखाली, तिच्यासाठी राखून ठेवलेल्या वेळात. मला वाटायचं हाताचा गुण.

“काहून व्हय म्हनायचीस गं आजीला?” मी लेकीला विचारलं. माझा आवाज चढला. चढायला नको होता, पण अपराध्याचाच आवाज आधी चढतो.

ती घाबरली. “आजी दमून येती,” ती म्हणाली.

सासूबाई उठून मोरीत गेल्या आणि कितीतरी वेळ हात धूत बसल्या. हळद काही अशी धुऊन निघत नाही, त्यांनाही ते माहीत होतं.

मावशी तशाच बसून होत्या. तांड्यातली ती आई मला तेव्हा आठवली, फडक्याची गाठ सोडत बसलेली. तिला निदान रान होतं. मी तर दिवसभर लेकीच्या समोर होते.

“काय लिवायचं ताई?” मावशींनी विचारलं.

“आईला माहीत न्हाई, असं,” मी म्हटलं. लिहिणारी मीच होते, म्हणून मीच लिहिलं. मग मावशींनी पुढचं सगळं समजावून सांगितलं, जसं मी सांगते तसंच. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या, शेंगदाणे-गूळ हाताशी ठेवा, वरणात तेल-तूप घाला, आणि लेकरू जेवतंय तेव्हा त्याच्यापाशी बसा. मी सगळ्याला मान डोलावली. शेवटचं सांगताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या गेल्यावर मी भिंतीवरचं पान काढलं. फाडलं वगैरे नाही, नाटक कशाला. चुलीत घातलं आणि त्याच चुलीवर लेकीला भाकरी करून दिली. तिनं पाऊण खाल्ली. मी समोर बसून होते. तिला इतकं अवघडल्यासारखं झालं होतं, की मधेच तिनं विचारलं, “तुजं काम झालं का?”

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत मी ठरवूनच गेले होते. गावानं काय म्हणायचं ते म्हणावं. खिचडी झाली, लेकरं ओळीत बसली, मी पातेलं आणि डाव घेऊन आले. लेक दाराजवळच होती. चपला लावून झाल्या होत्या. ताट मांडीवर पालथं घालून, त्यावर दोन्ही हात ठेवून ती बसली होती. रोज ती अशीच बसत असणार, पालथं ताट घेऊन. मी ते कधी बघितलं नव्हतं.

मी तिला उचलून ओळीच्या मधे, दोन पोरींमधे बसवलं. तिची पाळी आली तशी ताट उलटलं आणि डाव भरून खिचडी घातली. तिनं ताटाकडं बघितलं. मग पुढच्या ओळीकडं. मग एक-एक बोट करून ती पुढची लेकरं मोजायला लागली. तिला वीसपर्यंत येतं, मीच शिकवलंय.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “सगळ्यांला पुरंल का?”

“पुरंल. तू खा.”

“मला नंतर दी. ते ओरडतेत.”

“इथं बी आई म्हन मला,” मी म्हटलं. “आजपासून.”

पण असं एका दिवसात होत नसतं. खिचडी समोर ठेवून ती हात मांडीत घेऊन बसली. “अजून!” म्हणणाऱ्यांना ‘आधी सगळ्यांचं होऊ दे’ असं सांगत मी पुढं वाढत गेले. प्रत्येक ताटात डाव पडला की ती मान वळवून बघायची. पुढचं, त्याच्या पुढचं, दारापर्यंतचं. शेवटच्या लेकराच्या ताटात खिचडी पडलेली बघितल्यावर तिनं पहिला घास उचलला.

मी पातेल्यात बघितलं. तळाला अजून दोन डाव खिचडी होती.

“मावशी,” मी विचारलं, “आज जास्तीची शिजवली का तुमी?”

“न्हाई ताई,” मावशी म्हणाल्या. “रोजच्याइतकीच हाय.”